एका पाटीवर दोन निरोप

माझ्या नोकरीची बरीच वर्षं एका वाक्याशी झगडण्यात गेली. ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.’ पडद्यावर ते इंग्रजीत यायचं, राखाडी चौकटीत, आणि खाली ‘ओके’ असं एकच बटण असायचं. ओके म्हणावं असं काहीच घडलेलं नसायचं, तरी तेवढंच दाबता यायचं. त्या वाक्याच्या गमतीजमती लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं. गमती आहेत, त्यातली एक सांगतो. पण त्या वाक्यावर मी एकदा असा काही उपाय केला, की त्यापायी एका चांगल्या माणसाचं नाव गेलं. खरं तर तेच लिहायला बसलो आहे.

नसरापूरच्या बाजूला एका ट्रस्टचा दवाखाना होता. त्याचं नाव लिहीत नाही. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांतली माणसं तिथं यायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा तिथं कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यामागोमाग मी आलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील भोरला एका शाळेत शिपाई, आई लोकांच्या भातखाचरात लावणीला जायची. बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता, तेव्हा माझी राहायची सोय लावून दिली ती दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी. कोर्स संपल्यावर बोलावून नोकरीही त्यांनीच दिली. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. त्यांच्यासमोर खुर्चीत बसायला मला दोन वर्षं लागली.

सर्व्हर म्हणजे काय, ते आधी सांगतो. सगळ्या पेशंटांची नावं, तपासण्या, आकडे एकाच मोठ्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेले असतात. तो सर्व्हर. केसपेपरच्या खिडकीवरचा, लॅबमधला, औषधांच्या खिडकीवरचा, हे बाकीचे कॉम्प्युटर त्याला केबलमधून प्रश्न विचारतात आणि तो उत्तर देतो. प्रश्न विचारायला आधी जोडणी मिळावी लागते. ती मिळाली नाही की वर सांगितलेलं वाक्य येतं.

पहिल्या महिन्यात ते रोज सकाळी दहाला यायचं आणि दहा मिनिटांनी आपोआप जायचं. मी केबल बदलल्या, प्रोग्राम तपासला, पुण्याला फोन केले. शेवटी एका सकाळी पावणेदहापासून सगळ्या केबल जिथं एकत्र येतात त्या हबसमोर नुसता उभा राहिलो. दहा वाजता झाडलोट करणाऱ्या पारूमावशी आल्या. त्यांनी शांतपणे हबची पिन काढली आणि चहाच्या शेगडीची लावली.

“मावशी, ते काढू नका!”

“का? त्या डब्याला काय काम हाय? नुसता डोळं मिचकावत बसतोय.”

“सगळा दवाखाना चालतो त्याच्यावर.”

“दवाखाना माझ्या चहावर चालतो,” मावशी म्हणाल्या. “सायबांस्नी इचार.”

मी शेगडीला वेगळा बोर्ड बसवून घेतला. मला वाटलं, आपल्या कामातल्या अडचणी अशाच असणार, पिन शोधली की संपल्या.

लॅबमध्ये हमीदभाई होते. भोरचे, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. रक्त काढावं तर त्यांनीच. रडणारं मूल त्यांच्यासमोर बसलं की ते त्याला घरच्या कोंबड्यांची नावं विचारायचे आणि तिसरं नाव येईपर्यंत नळी भरलेली असायची. प्रत्येक तपासणीचा आकडा ते एका लांब वहीत लिहायचे, मग कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मला ते दुप्पट काम वाटायचं.

“हमीदभाई, वही बंद करा आता.”

“असू दे की रं इंजिनियर. हाताला सवय हाय.”

“वहीत एक आणि कॉम्प्युटरमध्ये एक झालं तर गोंधळ होईल. लिहिणं एकाच जागी पाहिजे.”

“बरं. तू शिकलेला माणूस.”

तरी ते लिहीतच राहिले. मी साहेबांना सांगून सूचना काढली, तेव्हा त्यांनी वही कपाटात ठेवून दिली. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

दवाखान्याची खरी गर्दी दुपारी व्हायची. सकाळी रक्त दिलेली माणसं झाडाखाली डबे खाऊन थांबायची, कारण वेल्ह्याकडे जाणारी दुपारची एसटी अडीचच्या सुमाराला यायची आणि ती चुकली तर विंझरच्या पुढच्या माणसांचे फार हाल व्हायचे. म्हणून दोन वाजल्यापासून रिपोर्ट देणाऱ्या दोन्ही खिडक्यांवर एकच गलका असायचा. “ताई, माझा आधी द्या, गाडी आली.” “आमचं कापरं म्हातारं हाय, त्याला पळवू नका.” आणि नेमक्या त्याच वेळी त्यांतल्या एका खिडकीवरच्या सुनंदाताई ओरडायच्या, “दत्ता, आलं रे तुझं वाक्य!”

या वेळी कारण पिनेचं नव्हतं. आमच्या सर्व्हरवर एका वेळी पाचच जोडण्यांची परवानगी होती. दुपारी सगळेच कॉम्प्युटर एकदम प्रश्न विचारायला लागले की सहाव्याला जोडणी मिळायची नाही. माणसं रिपोर्टशिवाय गाडीत बसायची आणि आठ दिवसांनी परत यायची. एक बाई मला म्हणाली होती, “तुमच्या मशीनपेक्षा हमीदभाऊची वही बरी व्हती.” ते मला लागलं.

पंधरा दिवस खपून मी एक मधला प्रोग्राम लिहिला. सगळ्या कॉम्प्युटरांनी आपला प्रश्न त्याला द्यायचा आणि त्याने एकाच जोडणीतून सर्व्हरला विचारायचं. प्रत्येक प्रश्नासाठी त्या प्रोग्रामच्या आत एक वेगळा धागा चालायचा, म्हणजे एकाच वेळी चार-पाच हातांनी काम करावं तसं. जोडणी मात्र सगळ्यांत एक, आणि आलेलं उत्तर ठेवायची जागाही एकच. मी एकटा बसून दोनशे वेळा तपासलं. एकदाही चुकलं नाही.

ते वाक्य बंद झालं. दुपारच्या गाडीला सगळे रिपोर्ट हातात घेऊन माणसं जायला लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी घरी सांगितलं तेव्हा वडील उठून देवापुढं नारळ ठेवून आले. हमीदभाई म्हणाले, “इंजिनियर, आता कुणाची गाडी चुकत न्हाई बघ. लई पुण्याचं काम केलंस.”

सात-आठ महिने असे गेले. मग एका सकाळी विंझरच्या वरच्या वाडीचा विलास नावाचा माणूस दवाखान्यात शिरला आणि त्याने खिडकीवर एक रिपोर्ट आपटला. त्याचे वडील गेनबा आण्णा आमच्याकडे रक्ताची साखर तपासून गेले होते. रिपोर्टवर अठ्ठ्याण्णव आकडा होता. तो बघून गावाकडच्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. पुढं पायाला ठेच लागली, जखम चिघळली आणि पुण्याच्या दवाखान्यात आण्णांच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. तिथं साखर तीनशेच्या वर निघाली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हमीदभाई आधीच उभे होते. विलास भिंतीला टेकून होता. “सर्व्हरवर काय आहे बघ,” साहेब म्हणाले. मी बघितलं. सर्व्हरवर गेनबा आण्णांच्या नावापुढं त्या दिवशीचा आकडा होता दोनशे शहाऐंशी.

“म्हणजे कागदावर अठ्ठ्याण्णव आणि आत दोनशे शहाऐंशी?” साहेबांनी विचारलं. “हे कसं होईल?”

“मी दोनशे शहाऐंशीच लिवलंय साहेब,” हमीदभाई म्हणाले. “पहिल्यांदाच. मला आठवतंय, मी आण्णांना बोललोबी, की गोड कमी करा.”

“मंग कागदावर आमच्या बापानं लिवलं का?” विलास म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “दत्ता, कॉम्प्युटर असं करू शकतो?”

मी तेव्हा जे बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, “साहेब, कॉम्प्युटर आकडा बदलत नाही. माणूस बदलतो. आधी अठ्ठ्याण्णव भरलं असेल आणि तक्रार झाल्याचं कळल्यावर दुरुस्त केलं असेल.”

मी खोटं बोललो नाही. मला तसंच वाटत होतं. आकडे बदलायची मुभा लॅबच्या पासवर्डला होती, आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवायची सोय मी केलेली नव्हती. वही असती तर एका मिनिटात खरं-खोटं झालं असतं. हमीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्यांना बहुधा वाटत होतं की मी अजून काहीतरी पुढं बोलणार आहे.

त्यांना काढलं नाही, राजीनामा द्यायला सांगितलं. पण बातमी भोरपर्यंत त्यांच्या आधी पोचली. चुकीचा रिपोर्ट देऊन वर आकडा फिरवणारा माणूस, म्हणून दुसऱ्या कुठल्या लॅबने त्यांना घेतलं नाही. आमच्याकडं पुण्याहून नवीन मुलगी आली. मुलं तिच्यासमोर रडायची, एवढाच फरक बाहेरून दिसायचा.

पुढच्या पावसाळ्यात दुपारच्या गलक्यातून सुनंदाताईंनी मला हाक मारली. त्यांच्या खिडकीतून आणि शेजारच्या खिडकीतून एकदम दोन रिपोर्ट निघाले होते आणि दोन्ही चुकून त्यांच्याच हातात आले होते.

“दत्ता, ही दोघं जुळी हायेत का काय रे?”

एक रिपोर्ट वेल्ह्याच्या सत्तरीतल्या गृहस्थांचा, दुसरा सारोळ्याच्या एका गरोदर बाईचा. नावं वेगळी, वयं वेगळी. पण खालचे सहाच्या सहा आकडे दशांशासकट एकच. सुनंदाताई हसत होत्या. मी दोन्ही रिपोर्ट काढून घेतले आणि सर्व्हरवर बघितलं. तिथं दोघांचेही आकडे वेगवेगळे आणि ठीक होते.

रविवारी दवाखाना बंद असताना मी सुनंदाताईंना बोलावलं. त्या एका खिडकीवर, मी दुसऱ्या. “एक, दोन, तीन” म्हणून दोघांनी एकदम बटण दाबायचं. कधी त्या पुढं, कधी मी पुढं. नवव्या वेळी दोन्ही कागदांवर एकच आकडे आले.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी गावात एका दुकानात फोन असायचा आणि सगळी आळी तोच नंबर द्यायची. आमच्या आळीतल्या दुकानदाराने फोनशेजारी एक पाटी टांगली होती. निरोप आला की पाटीवर लिहायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची. आता समजा माझ्यासाठी निरोप आला, मी चप्पल घालून निघालो, आणि तेवढ्यात शेजाऱ्याचा निरोप आला. दुकानदाराने पाटी पुसून तो लिहिला. मी पोचतो, पाटी वाचतो आणि शेजाऱ्याचा निरोप माझा समजून घरी येतो. शेजारीही तोच वाचतो. फोन करणारे खोटं बोलले नाहीत, दुकानदारानेही लबाडी केली नाही. पाटी एकच ठेवली, ही चूक. माझ्या प्रोग्रामात ती पाटी मी ठेवली होती. नाव कागदावर आधीच छापलेलं असायचं, आकडे मात्र पाटीवरून घेतले जायचे. आणि मी तपासलं तेव्हा एकटाच होतो. एका माणसाला ही चूक कधीच दिसणार नव्हती. ती दिसायला दोन माणसांना एकाच क्षणी घाई व्हावी लागायची, आणि तशी घाई आमच्याकडं वेल्ह्याच्या गाडीमुळं रोज व्हायची.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची निघाली. प्रत्येक धाग्याला उत्तरासाठी स्वतःची जागा, आणि जोडणीला कुलूप. एकाचं विचारून, वाचून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. वीसेक ओळी असतील. पुढं ज्या ज्या नवीन पोरांना शिकवलं त्यांना पहिल्या दिवशी या वीस ओळी शिकवल्या. त्या कुठून आल्या ते सांगितलं नाही.

साहेबांना मात्र त्याच आठवड्यात सांगितलं.

“आता दुरुस्त झालंय ना?”

“हो साहेब. पण हमीदभाई...”

“त्यांनी राजीनामा स्वतःच्या सहीनं दिलाय. तो विषय संपलाय. आता उकरला तर दवाखान्याचं नाव जाईल आणि जो तो जुना रिपोर्ट घेऊन दारात येईल. तुझंही नाव जाईल. घरी आई-वडील आहेत तुझे.”

ते धमकी देत नव्हते, काळजीनेच बोलत होते. ज्यांनी मला उभं केलं त्यांच्या काळजीला नाही कसं म्हणायचं, हे मला कोणत्याही शाळेत शिकवलेलं नव्हतं. जुने रिपोर्ट मी सर्व्हरशी ताडूनही बघितले नाहीत. कागद लोकांच्या घरी होते आणि ते मागवायला कारण सांगावं लागलं असतं. त्यांपैकी किती चुकीचे होते, ते मला आजही माहीत नाही. मी गप्प बसलो. पावसाळा गेला, हिवाळा गेला.

उन्हाळ्यात एका रविवारी मात्र निघालो आणि सारोळ्याला गेलो. नीरेच्या पुलाच्या अलीकडं हमीदभाईंच्या मेव्हण्याचं अंड्यांचं दुकान होतं, तिथं ते टेम्पोतून ट्रे उतरवून घेत होते. मला बघून म्हणाले, “ये इंजिनियर. आई बरी हाय का?”

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ते ट्रे धरून ऐकत राहिले. मग ट्रे खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी स्वतः बसले.

“म्हंजे मी बरोबर लिवलं व्हतं?”

“हो.”

“बदललं न्हाई?”

“नाही, हमीदभाई. तुम्ही काहीच चुकीचं केलं नाही.”

“तुला खरं सांगू? पहिले दोन महिने मी भांडायचो मनात. मंग रोज तो दिवस डोळ्यापुढं आणायचो. नळी घेतली, चिठ्ठी वाचली, आकडा लिवला. हजारदा आणला असंल. तर हळूहळू मला दिसायलाच लागलं, की मी अठ्ठ्याण्णव लिवतोय. बदललं कधी ते आठवंना, पण वाटायचं, बदललंबी असंल. एवढा शिकलेला पोरगा उगाच कशाला बोलंल?” त्यांनी ट्रे जरा बाजूला सरकवला. “घरी हिला रोज इंजेक्शन घ्यावं लागतं. ते मी देत न्हाई. शेजारची नर्स येती.”

मी खिशातलं पत्र काढून दिलं, घरून लिहून नेलेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“हितं लिवलंय, तांत्रिक दोषामुळं. ह्यो तांत्रिक दोष कोण? त्याला आई-बाप हायेत का?”

त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, टोमणा मारल्यासारखं नव्हे. मी पत्र परत घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याने लिहिलं. प्रोग्राम माझा होता, चूक माझी होती, साहेबांसमोर मी जे बोललो ते चुकीचं होतं. खाली पूर्ण नाव घालून सही केली.

“दवाखान्यात देऊया?” मी विचारलं.

“दवाखान्याला काय करायचंय माझ्या नावाशी? विंझरला जाऊ. आण्णांच्या हातात दिऊ.”

पुढच्या रविवारी आम्ही दुपारच्या एसटीने विंझरला उतरून वाडीवर चढून गेलो. विलास अंगणात होता. हमीदभाईंना बघून त्याचा चेहरा घट्ट झाला, पण त्याने सतरंजी टाकली. आण्णा थंडीत वारले होते. ते आम्हाला तिथं बसल्यावर कळलं.

हमीदभाईंनी पत्र पुढं केलं. विलास हळूहळू, ओठ हलवत वाचत गेला. सहीपर्यंत आला, माझ्याकडं बघितलं, परत वरपासून वाचलं. मग कागदाची घडी घालून हमीदभाईंच्या गुडघ्यावर ठेवली.

“आता म्या हे खरं मानू?”

“खरं हाय रे,” हमीदभाई म्हणाले.

“त्या दिवशीबी कागदच आला व्हता आमच्या हातात. ह्याच्याच मशीनीतला. त्योबी खराच मानला.”

आतून चहा आला. आम्ही तिघांनी तो घेतला. हमीदभाई उठताना विलासला म्हणाले, “तुझं बी बरोबर हाय.”

त्यानंतर मी साहेबांकडं जाऊन हमीदभाईंना परत बोलवा, असं म्हणालो. ते बघू म्हणाले. बघितलं नाही. मी राजीनामा देईन असं मनात बऱ्याचदा म्हणालो, आणि त्याच दवाखान्यात आणखी अकरा वर्षं काढली. हमीदभाई सारोळ्यातच राहिले. लॅबमध्ये परत गेले नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते वारले. दफनाला भोरला माणसं खूप होती. त्यांच्यातल्या दोघांना मी बोलताना ऐकलं, “माणूस चांगला व्हता, तेवढं ते दवाखान्याचं सोडलं तर.” मी अगदी मागं उभा होतो. तिथंही मी बोललो नाही.

विलास म्हणाला तसा हाही एक कागदच आहे. वाचणाऱ्याने तो खरा का मानावा, याला माझ्याकडं उत्तर नाही. तरी, ज्या भोर आणि वेल्ह्यात ती गोष्ट पसरली तिथल्या घरांत हा अंक जातो, म्हणून लिहितो. गेनबा आण्णांची त्या दिवशीची साखर दोनशे शहाऐंशी होती. हमीदभाईंनी ती तपासली, पहिल्याच वेळी बरोबर लिहिली, आणि नंतर तिला हात लावला नाही.